भुवनबाबूंची तार

आमच्या बहरमपुरात कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा, पृथ्वीचं वजन कुणी केलं? तो पायडल मारता मारताच सांगेल, "आमच्या भुवनबाबूंनी, आणखी कुणी!"

भुवनमोहन नियोगी हे इथले शाळामास्तर. १९०६ साली शेजारच्या जियागंज गावातल्या आपल्या घरात त्यांनी बारीक चांदीच्या तारेला एक लाकडी दांडी आडवी टांगली, दांडीच्या दोन्ही टोकांना शिशाच्या लहान गोळ्या बसवल्या आणि त्यांच्याजवळ शिशाचे दोन मोठे गोळे आणून ठेवले. मोठा गोळा लहान गोळीला ओढतो, दांडी केसभर फिरते, तारेला पीळ बसतो. तो पीळ मोजला की हिशेबानं पृथ्वीचं वजन निघतं. इंग्रजांनी हे फार आधी केलं होतं. भुवनबाबूंनी ते गावच्या सोनारानं ओढलेल्या तारेवर केलं. लंडनला पाठवलेला त्यांचा लेख परत आला, वर शेरा मारलेला: आकडा पुस्तकातून उचललेला दिसतो. भुवनबाबूंनी त्यानंतर आयुष्यात काही लिहिलं नाही.

स्वातंत्र्यानंतर गावानं त्यांच्या नावाचं विज्ञान संग्रहालय काढलं. माझी बायको शर्बाणी तिथली क्युरेटर होती. मी प्रद्योत भादुडी, शाळेत भूगोल शिकवतो. त्यामुळे घरात पृथ्वीबद्दल बोलायचा पहिला मान नेहमी तिचा, आणि उरलंसुरलं माझं.

संग्रहालय उभं केलं ते निशानाथ सान्याल सरांनी. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. भुवनबाबूंच्या जन्मशताब्दीला, १९६३ साली, त्यांनी ते यंत्र सगळ्या गावासमोर चालवून दाखवलं. दांडीवर इवलासा आरसा, त्याच्यावर दिव्याची तिरीप, आणि अंधारलेल्या सभागृहात समोरच्या भिंतीवर उजेडाचा एक ठिपका. सरांनी मोठे गोळे जवळ सरकवले आणि ठिपका हळूहळू चालू लागला. लोक रडले म्हणतात. सहा वर्षांची शर्बाणी वडिलांच्या खांद्यावर बसून ते बघत होती. तिच्या डोक्यात विज्ञान शिरलं ते त्या संध्याकाळी. पुढे ती सरांचीच विद्यार्थिनी झाली, आणि सरांनी तिला हात धरून संग्रहालयात आणलं.

इंग्लंडात लीड्सला विज्ञानाचा इतिहास शिकायला तिला शिष्यवृत्ती मिळाली होती. वर्ष संपताना तिथल्या प्राध्यापिकेनं तिला राहा म्हणून सांगितलं, नोकरीही देऊ केली. सरांचा फोन गेला. "तू तिकडे राहिलीस तर भुवनबाबूंना कोण बघणार गं?" ती परत आली. भुवनबाबूंवर तिनं डॉक्टरेट केली. तिच्या प्रबंधाचा कणाच तो १९६३चा प्रयोग होता: यंत्र आजही चालतं, म्हणजे माणूस खरा होता, आणि लंडनवाले खोटे. सरांनी त्या प्रबंधाचं पान न् पान तपासलं, अगदी ऱ्हस्वदीर्घासकट.

यंत्राच्या काचेच्या पेटीची किल्ली सरांनी निवृत्त होताना तिच्या हातात ठेवली आणि एकच ताकीद दिली: जुळवून ठेवलेल्या यंत्राला हात लावायचा नाही. तिनं तो शब्द पाळला.

मग दिल्लीच्या एका प्रदर्शनानं यंत्र मागितलं, आणि ते उतरवून खोक्यात भरणं भाग पडलं. त्या दिवशी शर्बाणी घरी आली ती चप्पल न काढताच माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"प्रद्योत, चांदी इतक्या वर्षांत काळी पडते ना?"

"आईचे पैंजण बघ की. कोळसा झालेत."

"ही तार काळी पडलेली नाही. आणि बोटानं वाकवली की ताडकन् सरळ होते. चांदी अशी वागत नाही."

तिनं तारेचा नखाएवढा तुकडा जमशेदपूरला, धातूंच्या प्रयोगशाळेतल्या अनसूया नावाच्या मैत्रिणीकडे पाठवला. उत्तर फोनवरच आलं. तार टंगस्टनची होती, बल्बमध्ये असते तसली. भुवनबाबूंनी प्रयोग केला तेव्हा टंगस्टनची अशी तार जगात कुणालाच ओढता येत नव्हती. म्हणजे ती नंतर कुणीतरी बसवली होती.

शर्बाणीनं फोन ठेवला. मग म्हणाली, "सरांना विचारायला हवं. त्यांना धक्का बसेल."

सर खागड्याला राहायचे, काशाची भांडी ठोकणाऱ्यांच्या गल्लीत. आम्ही दोघं गेलो. काकीमांनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, खजुराच्या नव्या गुळाची संदेश मिठाई पुढं केली आणि चहा आणला. शर्बाणीनं फार जपून, शब्द निवडत सांगितलं. सरांना धक्काबिक्का काही बसला नाही. बशीत चहा ओतता ओतता ते म्हणाले, "कधीतरी तू येशीलच, हे मला ठाऊक होतं."

ते आत गेले आणि बोरोलीन मलमाची जुनी डबी घेऊन आले. आत हातभर लांबीची काळी तार गुंडाळलेली होती.

"ही त्यांची. दोन हिवाळे मी या तारेवर ते यंत्र लावून बसलो. हललं नाही. म्हणजे हलायचं, पण इतकं थोडं की मोजता येईना. शताब्दीचा मांडव उभा राहिला होता, मंत्री यायचे होते. मग मी कलकत्त्याहून टंगस्टनची मागवली. तिच्यापेक्षा कितीतरी बारीक."

"म्हणजे भुवनबाबूंनी..." शर्बाणीला वाक्य पुरं करवेना.

"पुस्तकातून घेतला आकडा. लंडनवाल्यांचं बरोबर होतं."

काकीमा कपबशा उचलायला वाकल्या होत्या, तशाच थांबल्या. त्यांनाही हे नवीन नसावं. त्यांनी फक्त शर्बाणीकडे पाहिलं.

"आणि मी प्रबंध लिहिला तेव्हा? तुम्ही तर वाचत होतात, सर. रोज संध्याकाळी इथंच बसून वाचत होतात."

"तू इतकी मन लावून करत होतीस गं. मला बोलवेना."

ती उठून खिडकीशी गेली. बाहेर काशावर हातोड्या पडत होत्या, त्यामुळे ती रडतेय की काय ते कळत नव्हतं. परत आली तेव्हा डोळे कोरडे होते. "सर, हे लिहावं लागेल."

"लिही. लिहायलाच हवं." सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "फक्त एक कर. फाल्गुनात भुवनबाबूंचा स्मृतिदिन आहे. लोकांना मी स्वतः सांगतो. माझं पाप माझ्या तोंडून जाऊ दे. तोवर थांब."

वाटेत मी म्हटलं, "दोन ओळी लिहून घ्यायच्या होत्यास."

"सरांकडून?" ती रिक्षातच माझ्यावर उखडली. "वेडा आहेस का तू? त्यांनी कबूल केलं ना? याहून आणखी काय करायचं एखाद्यानं?"

ती थांबली. लेख तयार होता, पाठवला नाही. संग्रहालय समितीचे सेक्रेटरी रमापद कुंडू, खागड्यातले रेशमी साड्यांचे व्यापारी, मधेच एकदा सरांकडे जाऊन आल्याचं कानावर आलं. नव्या दालनाला सरांचं नाव द्यायचं चाललं होतं. शर्बाणी म्हणाली, "द्यायलाच हवं. एवढं खरं बोलायला निघालेत ते."

स्मृतिदिनाला सभागृह भरलं होतं. झेंडूच्या माळा, उद्घाटनाचं गाणं, जिल्हाधिकारी, आणि पहिल्या रांगेत काकीमा. शर्बाणी व्यासपीठावर एका कडेला बसली होती. सर बोलायला उभे राहिले. वय ऐंशीच्या पुढं, तरी आवाज खणखणीत.

"आज मला एक दुःखाची गोष्ट सांगायची आहे," ते म्हणाले. शर्बाणीनं मान खाली घातली, त्यांना बोलायला सोपं जावं म्हणून. "आपल्या यंत्रातली भुवनबाबूंची तार बदलली गेली आहे. तिथं आज बल्बची तार आहे. मूळ चांदीची तार ही पाहा." त्यांनी बोरोलीनची डबी उघडून वर धरली. "गेल्या महिन्यात संग्रहालयाच्या अडगळीत मला ही सापडली. याच तारेवर १९६३ साली मी तुम्हाला प्रयोग दाखवला होता. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी तो डोळ्यांनी पाहिला आहे. पेटीची किल्ली आज कित्येक वर्षं माझ्याकडे नाही. ती कुणाकडे आहे, हे आपण सगळे जाणता. मी हेतूवर शंका घेत नाही. अजाणतेपणी होतात अशा चुका."

सभागृहात कुजबूज उठली. मला वाटलं माझ्याच कानांत काही बिघाड झालाय. शर्बाणी उभी राहिली.

"सर, तुम्ही आम्हाला घरी सांगितलंत. काकीमा तिथंच होत्या."

सर तिच्याकडे वळले. इतकी वर्षं ज्या माणसानं तिला 'अगं, तू' याशिवाय हाक मारली नव्हती, तो म्हणाला, "श्रीमती भादुडी, आपण बसा. आपल्याला खुलासा करण्याची संधी समिती देईल."

शर्बाणी काकीमांकडे बघत राहिली. सगळं सभागृह काकीमांकडे बघू लागलं. काकीमांनी मांडीवरच्या पर्सची चेन उघडली, रुमाल काढला, पुन्हा आत ठेवला आणि चेन लावली. मान वर केली नाही.

मी उठून ओरडलो, "मी पण होतो तिथं!" मागून कुणीतरी म्हणालं, "नवराच तो. तो दुसरं काय बोलणार?" आणि चक्क चारदोन माणसं हसली.

ती व्यासपीठावरून उतरून मधल्या वाटेनं चालत बाहेर पडली. मी तिच्या मागोमाग घरी आलो. दारात ती म्हणाली, "मला 'आपण' म्हणाले." खोट्या आरोपाचं, नोकरीचं काही नाही. तेवढंच परत परत म्हणत राहिली.

समितीसमोर तिची एकच मागणी होती: ती चांदीची तार यंत्राला लावा आणि चालतं का बघा. रमापद कुंडू म्हणाले, "दीदी, यंत्राला पुरेसा हात लागलाय. आता राहू द्या." पेटीला नवं कुलूप पडलं. तिला आधी रजेवर जायला सांगितलं, मग काढूनच टाकलं. बाजारात माणसं रस्ता बदलून जाऊ लागली. मासेवाली कमला, जी तिला वर्षानुवर्षं 'आमची सायन्स-दीदी' म्हणायची, ती एकदा तोंडावर म्हणाली, "भुवनबाबूंना गोऱ्या साहेबांनी नावं ठेवली ते परवडलं हो. पण घरच्या माणसानंच त्यांची तार बदलावी?"

सर असं का वागले यावर आम्ही पुष्कळ बोललो. मला वाटायचं, दालनावरच्या नावासाठी. शर्बाणी म्हणायची, "नाही. भुवनबाबूंना वाचवायला. चांदीची तार चालत होती म्हटलं की भुवनबाबू खरे, सरही खरे. मधे एकाला बुडवायला लागतं, ती मी." हे ती अगदी शांतपणे म्हणायची, आणि त्याचीच मला भीती वाटायची.

उन्हाळ्यात तिचा पाय घरात ठरेना. एक दिवस ती जियागंजला भुवनबाबूंच्या घरी गेली. ते घर कधीच विकलं गेलं होतं. प्रयोगाच्या खोलीत आता हाफिजुल मंडल यांचा छापखाना होता. ती तिथं पूर्वीही जाऊन आली होती, पण खोली बघायला, फोटो काढायला. या वेळी उकाड्यानं दमून बाकावर बसली आणि पंख्याकडे वर पाहिलं.

"हाफिजुलभाई, पंखा कशाला टांगलाय?"

"आकड्याला. आधीपासूनच होता. चांगला जाड पितळी आहे, फिरकीचा. पंख्यासाठी एवढा थाट कुणी केला असेल, देव जाणे."

खोली जुन्या पद्धतीची, दोन मजली उंच. तुळईत बसवलेला तो आकडा हातानं फिरवता यायचा आणि वर बारीक खुणा कोरलेल्या होत्या. समोरच्या भिंतीत विटांनी बुजवलेलं एक भोक होतं, पलीकडच्या खोलीतून दुर्बीण लावून बघण्याइतकं. शर्बाणी बाकावर चढली, खाली उतरली, परत चढली. छापखान्यातली माणसं काम टाकून बघत राहिली.

घरी आल्यावर तिनं मला हाताला धरून बसवलं. "तार जितकी लांब तितका तिचा पीळ सैल. भुवनबाबूंची तार छतापासून लोंबत होती, प्रद्योत! संग्रहालयातला तो छातीएवढा स्टँड वर्गात पोरांना दाखवायचा होता. नुसता नमुना. सर दोन हिवाळे नमुन्यासमोर बसले. आणि मी? सरांनी सांगितलं हेच यंत्र, म्हणून मी कधी वर बघितलंच नाही."

दुर्गापूजेनंतर छापखाना काही दिवस बंद असतो. हाफिजुलभाईंनी पंखा उतरवून दिला. "घ्या दीदी. पण दिवाळीच्या आत परत लावा, नाहीतर माझे कामगार मला तुमच्या गोळ्यांशेजारी टांगतील." भुवनबाबूंच्या लेखात दिलेल्या जाडीची लांबलचक चांदीची तार खागड्याच्या सोनारानं ओढून दिली; शिशाचे गोळे भांडीवाल्यांनी ओतून दिले. विटा काढून भोक मोकळं केलं, दांडीवर आरसा आणि त्याच्यासमोर आकड्यांची पट्टी लावली. दारंखिडक्या बंद करून आम्ही पलीकडच्या खोलीत दुर्बिणीशी बसायचो. श्वासाचा वारा लागला तरी दांडी भरकटायची. पहिले काही दिवस काहीच धड होईना. मग एका दुपारी तिनं गोळे दोरीनं सरकवले, डोळा दुर्बिणीला लावला आणि तो काढेचना.

"काय?"

"फिरतेय."

ती बाजूला झाली आणि मी पाहिलं. पट्टीवरचे आकडे अगदी संथपणे, एकामागून एक सरकत होते. चार दिवस तिनं पुन्हा पुन्हा मोजलं. तिचा आकडा भुवनबाबूंच्या आकड्याला जवळजवळ चिकटून आला. माणूस खरा होता. ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली आणि सभेच्या दिवसापासून पहिल्यांदा मनसोक्त रडली.

मला मात्र त्याच रात्री जेवताना दुसरी गोष्ट लक्षात आली. "शर्बाणी, हे छापलंस तर तूच खोटी पडशील. लोक म्हणणार, चांदीची तार चालते, म्हणजे सर म्हणाले तेच बरोबर. मग टंगस्टन कुणी घातली?"

"कळलंय मला. आकडा जुळला तेव्हाच कळलं."

"मग?"

"मग काय? त्या माणसाला एकदा लंडननं खोटं ठरवलं, एकदा सरांनी. आणि काही महिने मीसुद्धा. आता मला ठाऊक आहे, आणि मी गप्प बसू? मग सरांत आणि माझ्यात फरक तो काय?"

तिनं सगळं लिहिलं: छापखान्यातला प्रयोग, तसंच टंगस्टन आणि सरांचं घरातलं बोलणंही. कलकत्त्याच्या नियतकालिकानं प्रयोग छापला आणि सरांबद्दलचा भाग गाळला. पुराव्याशिवाय एका ज्येष्ठ माणसाबद्दल असं छापता येत नाही म्हणाले. आमच्या गावच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर मथळा आला: 'भुवनबाबू खरेच! निशानाथ सान्याल यांच्या म्हणण्याला वैज्ञानिक पुष्टी.' खाली सरांचा फोटो. प्रयोग कुणी केला ते सहाव्या परिच्छेदात होतं, आणि तिथं लिहिलं होतं, 'पूर्वीच्या वादग्रस्त क्युरेटर'.

ती अंक घेऊन सरांकडे गेली. मी बरोबर होतो. सर अंथरुणाला खिळले होते. तिला बघताच चेहरा उजळला. "शर्बाणी, आलीस? बस गं. वाचलं मी. छान काम केलंस तू."

"आपल्याला सांगायला आले," ती म्हणाली. 'आपण' तिच्या तोंडून पहिल्यांदाच येत होतं, आणि सरांनी ते ऐकलं. "भुवनबाबूंना वाचवायची गरज नव्हती. आपण वर बघितलं असतंत तर १९६३ सालीच दिसलं असतं."

सरांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "पण मी म्हटलंच होतं की. चांदीचीच तार. याच तारेवर मी चालवून दाखवलं होतं." ते माझ्याकडे वळले. "तुम्ही होतात का हो त्या सभेला, त्रेसष्ट साली?"

ते खोटं बोलत होते की खरंच आता तसंच आठवत होतं, मला आजही सांगता येणार नाही. शर्बाणी उठली. पायांना हात न लावता त्या घरातून ती पहिल्यांदाच बाहेर पडली.

पुढच्या हिवाळ्यात सर गेले. नव्या दालनाला त्यांचं नाव लागलं. शर्बाणी लालगोल्याच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवू लागली. लीड्सच्या प्राध्यापिकेचं पत्र आलं होतं, लेखाचं कौतुक करणारं; पण बोलावणं आता कुणाचं येणार नव्हतं.

एका रविवारी काकीमा आल्या. पांढरी साडी, हातात छानाबडा या इथल्या मिठाईचं मडकं. शर्बाणीनं त्यांना बसवलं, चहा ठेवला. काकीमांनी आधी गुडघ्यांचं सांगितलं, मग घरातल्या गळक्या छताचं. मग म्हणाल्या, "रमापद विचारत होता, वर्षश्राद्धाच्या सभेला तू दोन शब्द बोलशील का. तू त्यांची सगळ्यात लाडकी होतीस."

"नाही बोलणार, काकीमा."

काकीमांनी कप खाली ठेवला. "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं का गं?"

"हो," शर्बाणी म्हणाली.

काकीमा वाट बघत राहिल्या, ती आणखी काही बोलेल म्हणून. वयाचं काही, लाचारीचं काही, जाऊ द्या म्हणून काही. शर्बाणीनं त्यांचा चहा गार झालेला पाहिला, कप उचलला आणि दुसरा गरम चहा आणून त्यांच्यासमोर ठेवला. काकीमांनी तो सगळा प्यायला. मग मी रिक्षा बोलावली.